चष्मा कपाळावर का राहतो?

(कामाच्या जागेवरील सुरक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिकेने धातूकामाच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं आहे.)

प्रश्न : मी प्रेस शॉप आणि ग्राइंडिंग सेक्शनचा सुपरवायझर आहे. हाताखाली चाळीसेक माणसं. गॉगल, इअरप्लग, हातमोजे सगळं दिलंय. दर महिन्याला ट्रेनिंग होतं, भिंतीवर पोस्टर आहेत, नियम मोडणाऱ्याला दंडही आहे. तरी मी पाठ फिरवली की गॉगल कपाळावर. चालवणाऱ्याचे दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, त्यांतलं एक पट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः पकडलंय. ८८ टक्के अपघात कामगारांच्याच चुकीने होतात असं आम्हाला शिकवलं होतं, आणि ते पटतं. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या घाईत थोडी ढिलाई होते, पण एरवी मी कडक आहे. या लोकांची मानसिकता बदलायची कशी?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : महिनाअखेरीला थोडी ढिलाई होते. तुमच्या माणसांनी पोस्टर वाचलं नसेल, पण हे त्यांना तोंडपाठ आहे. तीन आठवडे गॉगलवरून ओरडणारे साहेब डिस्पॅचच्या दिवशी त्याच उघड्या डोळ्यांसमोरून चालत जातात आणि विचारतात, ‘किती झाले?’ यावरून कामगाराने काय समजायचं? घाई नसेल तेव्हा डोळा सांभाळायचा, घाई असेल तेव्हा माल. तो समजायचं ते बरोबर समजलाय. रागावून लिहीत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक शॉपमध्ये हेच चालायचं.

डोव झोहर या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीस कारखान्यांतल्या कामगारांना त्यांनी विचारलं, ते थोडक्यात असं : इथल्या वरच्या लोकांना सुरक्षेचं खरंच काही पडलंय असं तुम्हाला वाटतं का? कामाचा वेग आणि सुरक्षा यांत इथे कोण जिंकतं? या उत्तरांवरून कारखान्यांचा जो क्रम लागला, तो सुरक्षा तपासनिसांच्या मताशी बऱ्यापैकी जुळला. म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञाला पाहणी करून जे दिसतं, ते आतल्या माणसाला आधीच ठाऊक असतं. पुढे २००२ मध्ये त्यांनीच एक प्रयोग मांडला, तो तुम्ही नीट समजून घ्या. त्यात कामगारांना हातही लावला नव्हता. तुम्ही कामगारांशी सुरक्षेबद्दल किती वेळा बोलता, याचा हिशेब फक्त सुपरवायझरांना दर आठवड्याला दाखवला जायचा. किरकोळ दुखापती कमी झाल्या. इअरप्लगचा वापर वाढला.

आता ते ८८ टक्के. हा आकडा हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाचा. १९३१ च्या पुस्तकात त्याने तो मांडला, विम्याचे दावे आणि कारखानदारांच्या नोंदी मिळून पंच्याहत्तर हजार प्रकरणांवरून. त्या नोंदी कोण लिहीत असे? बहुतेक सुपरवायझरच. अपघाताच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं की फॉर्म तिथेच संपतो. मशीनचा गार्ड, म्हणजे संरक्षक आडोसा, मोडका होता असं लिहिलं, तर तो दुरुस्त का केला नाही हे कुणीतरी विचारणार. नव्वद वर्षं उलटली तरी हा आकडा ट्रेनिंगमध्ये फिरतोय, कारण वरच्यांची त्याने सोय होते.

गॉगलचं सांगते. मी शेडच्या दारात दिसले की आतून एक शिट्टी यायची आणि कपाळावरचे सगळे चष्मे डोळ्यांवर उतरायचे. माझं काम चोख चाललंय असं ऑफिसला वाटायचं. दंडाने एवढंच होतं, शिट्टी वाजवायला एक माणूस नेमला जातो. मग मी एकेकाला बाजूला घेऊन विचारायला लागले, वर का सरकवतोस? एक म्हणाला, घामाने काचेवर वाफ धरते. दुसऱ्याची काच ओरखड्यांनी इतकी पांढरी झाली होती की त्यातून जॉबची, म्हणजे घासायच्या तुकड्याची, रेषाच दिसेना. स्टोअर म्हणे तीन महिन्यांनीच बदलून मिळेल. आणि एक चाळिशी ओलांडलेला ग्राइंडर होता. त्याला जवळचा नंबर लागला होता. नंबरच्या चष्म्यावर गॉगल बसेना, नुसत्या गॉगलने दिसेना, आणि डोळे कमजोर झालेत हे बोलला तर काम जाईल म्हणून तो गप्प. त्याला नंबरचा सेफ्टी चष्मा करून दिला. परत कधी त्याच्या कपाळावर दिसला नाही. यात मानसिकता कुठे आली?

तुम्हीही आधी हेच करा. ग्राइंडरसमोर तो उभा राहतो तिथे उभे राहा, त्याचाच गॉगल घाला आणि दहा मिनिटं काम करून बघा. त्याच वेळी टूल-रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यातली फट मोजा. ती ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजत जातं, फट वाढत जाते, जॉब आत ओढला जातो आणि चाक फुटू शकतं. फट दहा मिलिमीटर ठेवून गॉगलवर भाषण देणाऱ्या साहेबाचं कोण ऐकेल?

दाबून ठेवलेल्या बटणाचंही तसंच आहे, फक्त तिथे बोटं जातात. पट्टी कोणी लावली हे तुम्ही शोधलंत. का लावली हे शोधलंत का? माझा अंदाज, डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) पीस अडकतो. प्रत्येक वेळी दोन्ही हात बटणांवर न्यायचे, स्ट्रोक घ्यायचा, मग अडकलेला पीस काढायचा. यात शिफ्टला शे-दीडशे नग मागे पडतात आणि इन्सेंटिव्ह नगावर आहे. पट्टी लावली की एक हात मोकळा. हजार वेळा काहीही होत नाही, आणि दर वेळी थोडा वेळ वाचतो. फायदा रोजचा आणि रोख, तोटा कधीतरी आणि तोही कदाचित दुसऱ्या कुणाला. असल्या हिशेबापुढे पोस्टर टिकत नाही. म्हणून हिशेबच बदलायचा. पीस बाहेर फेकायला एअर ब्लो किंवा इजेक्टर बसवा. अडकलाच तर काढायला चिमटा द्या, तो मशीनला साखळीने बांधलेला असू दे, नाहीतर दुसऱ्या दिवशी गायब. आणि मेंटेनन्सला सांगून कंट्रोल बदलून घ्या. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच प्रेस चालेल, असं सर्किट मिळतं. मग पट्टी लावा नाहीतर दोरी बांधा, प्रेस हलणार नाही.

इअरप्लगबद्दल एक हिशेब सांगते, तो मी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर करायचे. ३० डेसिबल आवाज अडवणारा प्लग पूर्ण शिफ्ट घातला तर ३० डेसिबलचं संरक्षण. अर्धी शिफ्ट काढून ठेवला तर? पंधरा नव्हे. जेमतेम ३. उघड्या कानाने काढलेले चार तास उरलेल्या चार तासांची सगळी कमाई खाऊन टाकतात. हे ऐकून माणसं गप्प होतात. पण त्यानंतर ती काय म्हणतात तेही ऐका : प्लग घातला की प्रेसचा आवाज बदललेला कळत नाही, मागून फोर्कलिफ्ट आली तर हॉर्न ऐकू येत नाही. जुना ऑपरेटर बेअरिंग बिघडलेलं कानाने ओळखतो. त्याचा कान हे त्याचं हत्यार आहे. गरजेपेक्षा जास्त आवाज अडवणारा प्लग दिलात तर तो काढणारच. आवाज मोजा, त्याला पुरेल एवढाच प्लग द्या, फोर्कलिफ्टची वाट आखून वेगळी करा. आणि मुळात प्रेसखाली रबराचे पॅड बसवता येतात का, हा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा. धोकाच काढून टाका, नाही जमलं तर आडोसा करा, ते झाल्यावर नियम, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायच्या वस्तू. आपल्याकडे यादी उलटी वाचली जाते, कारण शेवटची वस्तू सगळ्यात स्वस्त पडते.

जाता जाता, हातमोजे सगळ्यांना दिलेत म्हणता. सेक्शनला एखादं ड्रिल असेल तर तिथले आजच काढून घ्या. फिरतं ड्रिल मोज्याचं टोक पकडतं आणि मागोमाग हात जातो.

राहिली महिनाअखेर, आणि इथे तुमचा हात थोडा आखडला आहे हे मला कळतं. तुमच्या डोक्यावर मॅनेजर आहे. पण काम थांबवायचा अधिकार कुणाला, हे घाईच्या आधीच ठरलेलं नसेल तर घाईत कुणीही ते थांबवत नाही. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेलफलाट पेटला, १६७ माणसं गेली. आग लांबून दिसत असतानाही शेजारच्या फलाटांवरून त्याच पाइपांच्या जाळ्यात तेल जात राहिलं, कारण उत्पादन स्वतःच्या जबाबदारीवर थांबवायला तिथले प्रमुख कचरले. मोठ्या हुद्द्याच्या माणसांची ही गत, तर तुमच्या प्रेसवरचा ऑपरेटर डिस्पॅच थांबवेल कशाला? मॅनेजरकडून लेखी घ्या : गार्ड किंवा कंट्रोल बिघडलं तर ऑपरेटरने प्रेस थांबवायची, आणि ते नग त्याच्या टार्गेटमधून वजा होतील. तो देत नसेल, तर तुम्हालाही उत्तर मिळालं.

एक गोष्ट उद्यापासून विनाखर्च करता येईल. शॉपमध्ये शिरल्यावर ‘किती झाले’ हा पहिला प्रश्न नको. ‘काल पीस कुठे अडकला?’ असं विचारा. आणि जो नीट काम करतोय त्याला तसं तिथेच सांगा. १९७८ साली अमेरिकेतल्या एका बेकरी कारखान्यात हे मोजून पाहिलं होतं. नेमकं कसं वागायचं ते दाखवून दिलं, किती टक्के कामं तशी झाली त्याचा तक्ता भिंतीवर लावला, सुपरवायझर तोंडाने ‘छान’ म्हणत राहिले. एका विभागात सुरक्षित वागणं ७० टक्क्यांवरून ९६ वर गेलं, दुसऱ्यात ७८ वरून ९९ वर. मग तक्ता काढला, तर दोन्ही विभाग पुन्हा सत्तरीवर. लोक याचा अर्थ लावतात की कामगारांवर नजर हवी. मला त्यात सुपरवायझर दिसतो. त्याचं लक्ष उडालं की सगळ्यांचं उडतं.

प्रश्न : आमच्या गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ असा बोर्ड आहे. ठरावीक दिवस पूर्ण झाले की सगळ्यांना बक्षीस मिळतं. गेल्या वर्षी आकडा खूप वाढला, पण मला आतून खात्री वाटत नाही. बोर्ड चांगला की वाईट? – एच.आर. विभागातील एक वाचक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. एकाचं बोट कापलं तर सगळ्यांचं बक्षीस बुडतं, मग बोटवाला काय करेल? रुमाल गुंडाळून घरी जाईल आणि बाहेर टाके घालून येईल. मी असाही एक माणूस पाहिलाय, ज्याला प्लास्टर घातलेल्या हातानिशी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, हजेरी लागावी आणि बोर्ड शून्यावर येऊ नये म्हणून. त्याच्यासमोर स्क्रूचे डबे ठेवले होते. डाव्या हाताने निवड म्हणे.

बोर्डवरचा आकडा किरकोळ जखमांचा असतो. मोठा स्फोट त्यात आधी दिसत नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन ही तेलविहीर खोदणारी रिग फुटली आणि ११ माणसं गेली. त्या दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ तिथे आले होते ते त्या रिगच्या सात वर्षांच्या चांगल्या सुरक्षा नोंदीचं कौतुक करायला. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत मार्च २००५ मध्ये १५ जण गेले. नंतरच्या चौकशीत हेच निघालं, की कंपनी वैयक्तिक दुखापतींचे आकडे बघून निश्चिंत राहिली होती.

एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत औषधांच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज. निघालं उलट, तिथे चुका जास्त नोंदलेल्या होत्या. तिथल्या माणसांना चूक सांगायची भीती वाटत नव्हती म्हणून. तुमच्या बोर्डावरचा आकडा वाढला आणि त्याच काळात ‘थोडक्यात वाचलो’ अशा तक्रारी घटल्या असतील, तर मला काळजी वाटेल.

बक्षीस बंद केलंत तर लोक नाराज होतील, म्हणून ते फिरवा. कुणी सांगितलं की जिन्याचा कठडा हलतोय, आणि आठ दिवसांत तो पक्का झाला, तर त्याला द्या. ‘आठ दिवसांत पक्का झाला’ हा भाग विसरू नका. सांगूनही काही होत नाही हे दोनदा अनुभवलेला माणूस तिसऱ्यांदा सांगत नाही. पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा दुखापत झाली तर चोवीस तासांत ती थेट आपल्याला कळली पाहिजे आणि सोबत उपायही यायला हवा, असा त्यांचा दंडक होता. कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापती तिथे शंभर कामगारांमागे १.८६ वरून २००० पर्यंत ०.२ वर आल्या. त्यांनी लपवणं महाग केलं, सांगणं स्वस्त.

प्रश्न : मी बांधकामावर नवीन आहे, तीनच आठवडे झालेत. परांचीवर चढताना बेल्ट देतात, पण तो अडकवायला जागाच नसते. मुकादम म्हणतो, बाकीचे चढतात ना, तुलाच काय झालं. नाही म्हणालो तर उद्यापासून येऊ नको म्हणेल. काय करू? – वय १९

उत्तर : तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. तुला भीती वाटते ती बरोबर आहे. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात दुखापत होण्याचा धोका वर्षभर मुरलेल्या माणसाच्या तिपटीहून जास्त असतो, असं कॅनडातल्या अभ्यासांत दिसलंय. तू घाबरट आहेस म्हणून नव्हे. कुठली फळी हलते हे तुला अजून माहीत नाही आणि विचारायची लाज वाटते म्हणून.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात लिहिलंय की जीवावरचा धोका समोर दिसतोय असं रास्त कारणाने वाटून काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला त्याची शिक्षा होता कामा नये. पण तुझी हजेरी मुकादमाच्या वहीत आहे, करारात नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून ‘मी चढणार नाही’ असं म्हणू नकोस. चार माणसांत, नीट आवाजात विचार : ‘मुकादम, बेल्ट लावलाय, हुक कुठे अडकवू?’ या प्रश्नात नकार नाही, पण उत्तर द्यावंच लागतं. उद्या काही झालं तर ‘त्याने विचारलं होतं’ हे चौघांनी ऐकलेलं असतं, आणि ते मुकादमालाही कळतं. शक्यतो जुन्या एखाद्याला आधी बाजूने करून घे. त्यालाही हा प्रश्न कधीतरी विचारायचा होता.

आणि हुक कुठेही अडकवू नको. परांचीच्या आडव्या रेलिंगला अडकवलास तर रेलिंगच तुझ्यासोबत खाली येईल. जागा डोक्याच्या वर, इमारतीच्या पक्क्या भागाला हवी. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उलगडून मीटरभर, खाली तुझी स्वतःची उंची आणि पायांखाली आणखी थोडी मोकळी जागा. म्हणजे हुकापासून खाली साडेपाच मीटर तरी रिकामे हवेत. पहिल्या मजल्यावर पायापाशी हुक अडकवला, तर बेल्ट असूनही जमिनीवरच आपटशील. तिथे बेल्टचा उपयोग नाही, तिथे कठडा लागतो. हे मुकादमाला सांगायला तुला जड जाईल. हे पान त्याला दाखव, म्हण की मासिकात आलंय.

प्रश्न : माझे मिस्टर बारा तासांची रात्रपाळी करून पुढे ओव्हरटाइमला थांबले आणि पहाटे कन्व्हेयरमध्ये त्यांचा हात गेला. कंपनीने ‘निष्काळजीपणा’ लिहिलंय. खरंच तसं असेल का?

उत्तर : ताई, आधी हाताची काळजी घ्या. सलग सतरा तास जागं राहिलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. चोवीस तासांनंतर ते ०.१० टक्क्यांएवढं होतं. दारू प्यायलेल्याला कुणी मशीनवर उभं करत नाही, आणि इथे जागलेल्याला थांबवून घेतलं.

त्या अहवालाला लेखी उत्तर द्या. त्यात मिस्टर आदल्या दिवशी किती वाजता उठले, ड्यूटीवर कधी चढले, ओव्हरटाइमला थांबायला कुणी सांगितलं आणि हात गेला तेव्हा किती वाजले होते, हे वेळेसकट लिहा. हजेरीच्या पंचिंगची प्रत मागा. कन्व्हेयरच्या त्या टोकाला जाळी होती का आणि थांबवायची दोरी त्यांच्या हाताला पोचत होती का, हे शेजारी काम करणाऱ्याला विचारून घ्या, आणि ते लवकर विचारा. अशा अपघातानंतर जाळी रातोरात बसते.